सवयमोचन

त्रिवेणी महानगर परिवहन प्राधिकरणाच्या सातव्या मजल्यावरच्या नियंत्रण कक्षात गुरुवारी सकाळी पेढे वाटले जात होते. भिंतभर पसरलेल्या पडद्यावर शहरातल्या अकराशे बस हिरव्या ठिपक्यांसारख्या सरकत होत्या आणि वरच्या कोपऱ्यात प्राधिकरणाचा चपळता निर्देशांक दिसत होता : एक्क्याण्णव. 'झेप' या खासगी कंपनीचा होता अठ्ठ्याऐंशी. पाच वर्षांत पहिल्यांदाच प्राधिकरणाच्या लाल बसने खासगी गाड्यांना मागे टाकले होते. ज्यांना हा निर्देशांक कशाशी खातात हेही ठाऊक नव्हते, तेसुद्धा दुसरा पेढा उचलत होते.

या आनंदाची मानकरी होती केतकी कुदळे, चपळता कक्षाची प्रमुख, वय छत्तीस. हा चपळता कक्ष स्थापन करायला प्राधिकरणाला तीन वर्षे लागली होती, ही गोष्ट आता कोणी बोलून दाखवत नसे. केतकी आली आणि तिने पहिल्यांदा फायलींना पळायला लावले. ज्या फायली चार चार महिने टेबलांवर मुक्काम करायच्या, त्या आता चार मिनिटांत मंजूर होत. पडद्यावर फाइल आली, सारांश वाचला, बोट टेकवले, पुढे. या चार मिनिटांचा तिला मनापासून अभिमान होता.

पण फायलींपेक्षा अवघड दुखणे रस्त्यावर होते. 'झेप'चे सहा आसनी, बिनचालकाचे डबे दर पंधरा मिनिटांनी आपला मार्ग बदलत. जिथे माणसे उभी, तिथे डबा हजर. प्राधिकरणाच्या बसला हे जमत नव्हते, कारण वीसपेक्षा जास्त माणसे नेणाऱ्या वाहनावर माणूसच चालक हवा असा कायदा होता, आणि माणूस म्हटला की त्याची सवय आलीच. त्यातून या प्राधिकरणात 'पक्का रूट' नावाची जुनी रीत होती. वीस वर्षे सेवा झाली की चालकाला त्याच्या पसंतीचा एक रूट कायमचा मिळायचा. त्या दिवशी आगारात नारळ फुटायचा, बसला हार पडायचा, आणि पुढे निवृत्तीपर्यंत तो माणूस त्या रस्त्याचा राजा असायचा.

संगणकाने रोज सकाळी नवे मार्ग आखून द्यायचे, अशी 'प्रवाही मार्ग' योजना केतकीने सुरू केली, तेव्हा या राजांनी तिचे पार हसे केले. मुद्दाम नव्हे. समोरचा पडदा डावीकडे वळा म्हणायचा आणि हात उजवीकडे वळायचा. एका महिन्यात एकोणीसशे चुकीची वळणे झाली. एक बस तर चाळीस प्रवासी घेऊन जुन्या स्थानकात जाऊन उभी राहिली, आणि चहाच्या टपरीपर्यंत चालत गेल्यावर चालकाच्या ध्यानात आले की आपला रूट आज विमानतळाचा आहे.

तेव्हा डॉ. इर्शाद मुजावर यांना बोलावण्यात आले. ते मेंदूतज्ज्ञ, बोलायला हळू, आणि प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याला समजले का ते बघून मगच पुढे जाणारे. त्यांनी संचालक मंडळाला सांगितले की मेंदू माणसे किंवा रस्ते साठवत नाही, प्रसंग साठवतो. एकदाच घडलेल्या प्रसंगाची रेषा बारीक असते. तोच प्रसंग रोज घडला, की ती रेषा पुन्हा पुन्हा गिरवली जाऊन जाड होते. ती सवयरेषा. त्यांनी तयार केलेले मोचककण नाकावाटे फवारले, की ते मेंदूत जाऊन बसतात आणि झोपेत फक्त जाड रेषा शोधून त्या सैल करतात. बारीक रेषांना हात लावत नाहीत. भाषा, चालणे, गाडी हाकणे ही कौशल्ये वेगळ्या कप्प्यात असल्याने सुरक्षित राहतात. किती जाड म्हणजे जाड, असे मंडळाने विचारले तेव्हा उत्तर केतकीनेच दिले होते. आगारांच्या नोंदींवरून चालकाच्या अंगात नवा रूट भिनायला चाळीस दिवस लागत. मग चाळीस हाच आकडा ठरला. जे चाळीस वेळा घडले, ते पुसायचे.

कण एकदा गेले की आयुष्यभर राहणार होते. रोज फवारण्याची कटकट नको, म्हणून हीच गोष्ट मंडळाला सर्वात जास्त आवडली. 'एक फवारा, कायमचे चपळ' ही ओळ केतकीचीच. सोमवारी पहिल्या तुकडीतल्या साठ चालकांना फवारा दिला गेला. मंगळवारी त्यांची चुकीची वळणे निम्म्यावर आली. बुधवारी एकही नाही. आणि गुरुवारी पेढे.

पेढा तोंडात असतानाच तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतून मुजावरांचा फोन आला. त्यांनी अभिनंदन केले नाही. जशा आहात तशा खाली या, एवढेच म्हणाले.

प्रयोगशाळेत मेंदूदर्शक यंत्राशेजारच्या खुर्चीवर अठ्ठावन्न वर्षांचे चालक लक्ष्मण आवटी बसले होते. अंगात कालचाच गणवेश, चुरगळलेला. बुधवारी त्यांनी तीन नवे मार्ग एकही चूक न करता चालवले, दुपारी चारला बस आगारात लावली आणि फाटकाबाहेर येऊन थांबले. कुठे जायचे ते त्यांना कळेना. खिशातल्या ओळखपत्रावरचा पत्ता वाचून, लोकांना विचारत विचारत ते आपल्या इमारतीसमोर पोचले, पण ती आपली वाटेना. समोरच्या बाकावर बसून राहिले. त्यांची बायको भाजी घेऊन समोरून आली, तरी त्यांना ती ओळखू आली नाही. तिने हाक मारली तेव्हा त्यांनी उठून तिला बसायला जागा दिली.

"आवटी, तुमच्या पुतणीचं लग्न कुठं झालं होतं?" मुजावरांनी केतकीसमोर त्यांना विचारले.

"रेणुका हॉल," आवटी लगेच म्हणाले. "पाण्याच्या टाकीपासून आत दुसरी गल्ली. नऊ वर्षं झाली. जिलबी संपली होती."

"तिथं किती वेळा गेलात?"

"एकदाच की."

केतकीने मुजावरांना बाजूला घेतले आणि विचारले की कण फक्त मार्गांवर काम करतील असे ठरले होते ना. मुजावरांनी मेंदूदर्शकाचा पडदा तिच्याकडे वळवला. आवटींच्या मेंदूचे चित्र होते. जिथे जाड रेषांचे जाळे असायला हवे होते, तिथे सगळे मोकळे होते.

"नव्या चालकाच्या डोक्यात रूट वेगळा असतो, घर वेगळं असतं," मुजावर म्हणाले. "वीस-तीस वर्षं एकच रूट केलेल्या माणसाचं तसं नसतं. उठणं, चहा, डबा, आगार, बस, परत घर, ही सगळी एकच रेषा होऊन बसते. स्वेटरचा एक धागा ओढला की बाही उसवत जाते, तसे कण रूटवरून घरावर गेले आणि घरावरून माणसांवर. म्हणूनच मी लिहून दिलं होतं, दोन वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्यांनाच पहिल्यांदा द्या. आणि हे अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, मॅडम."

केतकीलाही ती अट आठवत होती. सारांशात ती होती. तिने आस्थापना अधिकारी भेंडे यांना खाली बोलावले. भेंडे तीस वर्षे आस्थापना शाखेत काढलेले गृहस्थ, पेढ्याचा कागद घडी घालून खिशात ठेवत आले. साठ नावे कोणी ठरवली, असे विचारताच ते गोंधळलेच, कारण यात ठरवण्यासारखे काय आहे हे त्यांना कळेना.

"मॅडम, ज्येष्ठता यादीप्रमाणे दिलं," ते म्हणाले. "आपल्याकडं कुठलीही नवीन गोष्ट ज्येष्ठांना डावलून कनिष्ठांना देता येत नाही. नवी गाडी असो, गणवेश असो, काहीही असो. संघटनेनं धरलंच असतं आपल्याला. म्हणून सारांश तसाच ठेवला आणि परिशिष्ट तीनमध्ये यादी जोडली. तुम्ही मंजूर केलंत."

त्यांच्या बोलण्यात लबाडीचा लवलेश नव्हता. प्राधिकरणात सगळे बदलले होते, टेबले, पडदे, मार्ग, निर्देशांक. ज्येष्ठता यादी बदलायचे मात्र कोणाच्या मनातही आले नव्हते, केतकीच्याही नाही. अकरा वाजता दुसऱ्या तुकडीला फवारा द्यायचा होता. तिने तिथल्या तिथे फोनवर तो थांबवला आणि मग मुजावरांच्या पडद्यावर परिशिष्ट तीन उघडले. सोमवारी सकाळी ते उघडायला तिला एक मिनिट लागले असते, आणि ते मिनिट तिने वाचवले होते.

अनुक्रमांक एक. कुदळे संपत बाळा, चालक, पूर्व आगार, सेवा चौतीस वर्षे.

ती ते नाव नुसते बघत राहिली. खाली एकोणसाठ नावे होती, पण तिचे डोळे पहिल्या ओळीवरून हलेनात. मुजावरांनी नाव वाचले, मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिले. भेंड्यांनाही तेव्हाच उमगले. ते खाली बसले. आपले वडील याच प्राधिकरणात बस चालवतात हे केतकीने कधी लपवले नव्हते. कोणी विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते, इतकेच.

वडिलांचे घर शहराच्या पूर्व टोकाला, बावीस किलोमीटरवर. केतकी पश्चिम टोकाला टेकडीवर राहायची. नोकरी लागली त्या दिवशी घर सोडून गेली, त्याला अकरा वर्षे झाली होती. भांडण वगैरे काही नव्हते. आईचा फोन आठवड्यातून एकदा व्हायचा, बाबा फोनवर बोलणाऱ्यातले नव्हते, आणि जाणे आज उद्या करता करता राहून जायचे. मुजावरांनी न विचारताच गाडी काढली. वाटेत त्यांनी तिला सांगितले की अपेक्षा ठेवू नका. पंचवीस वर्षे रोज डोळ्यांसमोर वाढलेली मुलगी म्हणजे अतिशय जाड रेषा, ती राहिली असण्याची शक्यता नाही.

"ते तुम्हाला ओळखणार नाहीत, असं धरूनच आत जा," ते म्हणाले. "रडू नका, ते घाबरतील. आधी नाव सांगा."

केतकीने मान हलवली. बाबा, मी केतकी, तुमची मुलगी, हे वाक्य ती मनात घोकत राहिली. आयुष्यात आपल्याला हे वाक्य पाठ करावे लागेल, असे तिला कधी वाटले नव्हते.

दार आईने उघडले. मंदाबाई रात्रभर झोपलेल्या दिसत नव्हत्या. मुजावरांकडे बघून त्यांनी पदर सारखा केला आणि दोघांना स्वयंपाकघरातच थांबवून हळू आवाजात सगळे सांगितले. काल संध्याकाळी आगारातल्या एका सोबत्याने संपतरावांना घरी आणून सोडले. दारात चप्पल काढून उभेच राहिले. मंदाबाईंनी चहा दिला तर दोन्ही हातांनी घेतला, पाहुणे घेतात तसा.

"मला म्हणाले, बाई, उगाच त्रास घेतलात," त्या म्हणाल्या. "मग विचारतात, आमची मंदा कुठं गेलीय? म्हटलं, अहो, मीच मंदा. तर हसले. म्हणाले, नाही हो, मंदा लहान आहे. हिरवी साडी होती तिची, लग्नात. रात्रभर खुर्चीत बसून होते. परक्या बाईच्या घरात आडवं कसं व्हायचं, म्हणून."

केतकीने विचारले की मला फोन का नाही केलास. आईने भांड्यावरचे झाकण उचलून पुन्हा ठेवले. तू कामात असशील, असे वाटले म्हणाली. हे बोलताना तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागले.

बाहेरच्या खोलीत संपतराव खिडकीजवळ ताठ बसले होते. स्वच्छ दाढी, पायांत मोजे, गुडघ्यांवर हात. कोणाच्या तरी घरी वाट बघत बसलेला माणूस बसतो तसे. केतकी दारात उभी राहिली. घोकलेले वाक्य ओठांवर आले.

"बाबा, मी..."

"केतकी," संपतराव म्हणाले आणि उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला. "अगं ये, ये. बरं झालं आलीस. मी इथं कधीचा बसलोय, ओळखीचं कुणीच नाही."

केतकी धावत गेली आणि त्यांच्या गळ्यात पडली. रडायचे नाही हे तिच्या लक्षातही राहिले नाही. संपतराव तिच्या पाठीवर थोपटत राहिले. तिला हुंदक्यातच हसू येत होते. बाबांनी ओळखले होते. साऱ्या जगाची रेषा पुसली गेली, आणि आपली तेवढी राहिली. वडिलांची माया यंत्राला पुरून उरली, असेच तिला वाटले, आणि ज्याच्या बाबतीत असे घडेल त्या कोणालाही तसेच वाटेल.

संपतराव भरभरून बोलायला लागले. ती कधी कधी आली होती, ते त्यांना काल घडल्यासारखे आठवत होते. पहिल्यांदा आली तेव्हा पेरूंची पिशवी आणली होती आणि त्यातला एक किडका निघाला. एकदा निळा ड्रेस होता, आणि खाली गाडी थांबवून ठेवली होती म्हणून तिने जेवण अर्धे टाकले. एकदा चप्पलच काढली नव्हती, दारातच बोलून गेली. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा वीस मिनिटे बसली, आणि त्यातली दहा फोनवर होती. ते हे सगळे कौतुकाने सांगत होते. किती वाजता आली, काय म्हणाली, निघताना कुठल्या पायरीवर वळून हात केला. केतकी नकळत बोटे मोजत होती. नऊ भेटी झाल्या. मग तिने विचारले की मी शाळेत होते तेव्हाचे काही आठवते का. तुमच्याच बसने मी दहा वर्षे शाळेत जात होते, पहिल्या आसनावर बसायचे.

संपतरावांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. तू जन्मलीस तो दिवस आठवतो, म्हणाले, दवाखान्यात दिवे गेले होते. आणि तू बॅग घेऊन घर सोडून गेलीस तो दिवस. मधले काही नाही.

केतकीने मुजावरांकडे वळून पाहिले. आनंदाची बातमी मिळाल्यासारखे तिला त्यांच्याकडून काहीतरी ऐकायचे होते. मुजावर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते आणि जमिनीकडे बघत होते.

"डॉक्टर, त्यांनी मला ओळखलं," ती म्हणाली.

"हो," मुजावर म्हणाले. "शाळेतली मुलगी गेली, मॅडम. ती रोजची होती. ही जी कधीतरी येते, तिची रेषा वेगळी आहे. ती बारीकच राहिली."

मंदाबाई आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. चौतीस वर्षे पहाटे उठून डबा करणारी बाई या माणसाला परकी झाली होती, आणि वर्षातून एकदाही धड न येणारी मुलगी तेवढी लख्ख उरली होती. यंत्राने काहीही चूक केली नव्हती. जे रोजचे होते ते पुसायला तिनेच सांगितले होते.

ती मुजावरांना घेऊन बाहेर जिन्यात आली. आता मी रोज येईन, म्हणाली. नोकरी सोडते, इथेच राहायला येते, त्यांना सगळे पुन्हा शिकवते. हे बोलता बोलताच तिचा आवाज खाली गेला, कारण हा प्रकल्प तिच्याइतका पाठ दुसऱ्या कोणाला नव्हता.

"कण बाहेर काढता येतात?"

"नाही."

"त्यांचं काम थांबवता येतं?"

"आज तरी नाही. उद्यापासून मी दुसरं काही करणार नाही, हेच शोधणार. पण मी तुम्हाला खोटी आशा देत नाही."

"म्हणजे चाळीस."

"चाळीस," मुजावर म्हणाले. "तुमच्या आई त्यांच्याजवळ राहिल्या, तर महिन्याभरात त्यांना त्या थोड्या थोड्या कळायला लागतील. आपल्या वाटायला लागतील. आणि मग एका सकाळी पुन्हा परक्या. दर चाळीस दिवसांनी असंच."

मंदाबाई केव्हा दाराशी येऊन उभ्या राहिल्या ते दोघांनाही कळले नव्हते. त्यांनी सगळे ऐकले होते. मुजावर काही समजावायला गेले, तर त्यांनी हातानेच थांबवले. मग दर चाळीस दिवसांनी मी नव्याने नाव सांगेन, म्हणाल्या, त्यांनी नाही ओळखले तरी मी ओळखते ना. तेवढे बोलून त्या आत गेल्या आणि नवऱ्यासमोर चहाचा कप ठेवला. संपतरावांनी उठून दोन्ही हातांनी घेतला आणि आभार मानले.

केतकी जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. नऊ झाल्या होत्या. आजची दहावी. उरल्या एकोणतीस. चाळिसावी भेट झाली, की तीही या माणसाच्या जगातून जाणार होती, आणि मग ओळखीचे असे कोणीही त्यांना उरणार नव्हते. महिनाभर रोज यायचे आणि संपवून टाकायचे, की तुटक तुटक येऊन त्यांच्या आयुष्यभर पुरवायचे? बाबा सत्तावन्न वर्षांचे होते. तिला हिशेब करायचा नव्हता, तरी तो होत गेला. वर्षाला एक भेट.

निघायची वेळ झाली तेव्हा संपतराव तिला सोडायला दारापर्यंत आले. त्यांनी तिचा हात हातात धरला होता आणि तो सोडवत नव्हता. या घरात एकट्याला फार अवघडल्यासारखे होते, हे त्यांनी हळूच, मंदाबाईंना ऐकू जाणार नाही असे सांगितले. आणि मग ते बोलले. अकरा वर्षांत त्यांनी हे कधी तोंडाने म्हटले नव्हते, आणि तिने मात्र ते ऐकायची नेहमी धास्ती घेतली होती.

"केतकी, आता रोज येत जा गं."

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. हो म्हणणे इतके सोपे होते, आणि तिला हो म्हणायचे होते.

"नाही बाबा," ती म्हणाली. "रोज नाही जमणार."

संपतरावांनी समजूतदारपणे मान हलवली. त्यांनी तिचा हात सोडला, आणि मागे उभ्या असलेल्या मंदाबाईंकडे वळून, अनोळखी माणसाला सांगावे तशा अदबीने, पण अभिमान लपवता न येऊन म्हणाले, "माझी मुलगी आहे, बाई. हिला फार काम असतं."